कुंकू न लावलेला दोरा

खाली रस्त्याच्या मधोमध खजुराची झाडं आहेत. त्यांच्या घडांना यंदा पुन्हा पिशव्या चढवल्या. म्युनिसिपालिटीचा माणूस शिडीवर चढतो, जाळीची पिशवी घडाला घालतो, वरून दोऱ्याची गाठ मारतो आणि खालच्याला ओरडतो, "खलास! यल्ला, आगे चलो!" दरवर्षीचंच आहे. जुलै लागला की हिरवे खजूर पिवळे पडायला लागतात. हवेत असा दमटपणा चढतो की गॅलरीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. आणि आमची बिल्डिंग रिकामी व्हायला लागते. शाळांना सुट्ट्या, लिफ्टमध्ये माणसांपेक्षा बॅगा जास्त. जो तो विचारतो, "काय वहिनी, तुम्ही नाही का जात यंदा?" मी कुठली जातेय! बायकामुलं गावी गेली की मागे उरलेल्या नवऱ्यांना जेवायला कोण घालणार? माझ्या डब्यांचा खरा सीझन तोच. शारजातलं आमचं अख्खं अल नहदा सुट्टीवर जातं तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात तीन कुकर एकदम शिट्ट्या मारत असतात.

तर घडावरची ती गाठ बघितली आणि थारा आठवले. दरवर्षी आठवतात. आणि ते आठवले की माझं डोकं चालेनासं होतं. तसं माझं डोकं बंद पडणारं नाही. कोणाचं चुकलं, कोणाचं बरोबर, हे मला पटकन कळतं. आमचे हे म्हणतात, "हिला विचारा, हिच्याकडे निकाल तयार असतो." खरं आहे, असतो. फक्त त्या एका माणसाच्या बाबतीत इतकी वर्षं झाली तरी निकाल लागलेला नाही. आपण केलं ते चांगलं केलं की वाईट केलं, तेच समजत नाही. कोणाला विचारू?

शहाण्णव साल असेल, नाहीतर सत्त्याण्णव. आमची मीनू नववीत होती एवढं नक्की. तेव्हा अल नहदा म्हणजे मोजक्या इमारती आणि मधे वाळूच वाळू. दुपारी वारा सुटला की ती वाळू दाराच्या फटीतून आत यायची आणि मी दिवसातून दोनदा केर काढायचे. आमच्या बिल्डिंगखाली एक छोटं क्लिनिक होतं. तिथे पॉ नावाची नर्स होती. चेहरा गोल, केस एकदम काळेभोर, बोलणं हळू. दुपारचा डबा माझ्याकडून न्यायची. पासपोर्ट थायलंडचा, पण मूळची ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरची. मी तिला बर्मीज म्हटलं की तिला राग यायचा. "आंटी, हम बर्मीज नहीं, हम कारेन है." मी आपली थट्टा करायचे, "हो ग बाई, आम्हीसुद्धा इंडियन नाही, आम्ही गुहागरचे." ती हसायची. हसण्यावारी न्यायची ती गोष्ट नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या जूनमध्ये ती आमच्या ह्यांच्याकडे आली, वडिलांसाठी व्हिजिट व्हिसा मिळेल का विचारायला. ह्यांचा अॅल्युमिनियमच्या दारंखिडक्यांचा धंदा, कंपनीच्या नावावर व्हिसा काढता यायचा. "काय करतात वडील?" ह्यांनी विचारलं. "टीचर," पॉ म्हणाली. मास्तर म्हटल्यावर आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही. व्हिसा निघाला. राहायचा प्रश्न होता, कारण वरच्या मजल्यावरच्या पॉच्या खोलीत आणखी दोन फिलिपिनी मुली होत्या, तिथे बाप कसा राहणार? पण आमच्या समोरचे पाटणकर सुट्टीवर निघाले होते. सुट्टीत गेलं की दोन महिन्यांसाठी फ्लॅट कोणाला तरी द्यायचा, ही इथली रीतच आहे. किल्ली माझ्याकडे होती. झालं.

आले ते काळी छत्री घेऊन. शारजाच्या जुलैत छत्री! खांद्याला लाल पट्ट्यांची विणलेली झोळी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. वय पासष्टीच्या आसपास. पॉनं ओळख करून दिली, "थारा." मला वाटलं नाव असेल. नंतर कळलं, थारा म्हणजे सर, गुरुजी. नाव काय ते कधी नीट कळलंच नाही. पासपोर्टवर एक थाई नाव होतं, पॉ तिसरंच काहीतरी म्हणायची. हे वैतागले, "अगं, आपण व्हिसा काढलाय, माणूस कोण हे तरी माहीत हवं की नको?" मी म्हटलं, "बघा की, म्हातारा आहे, गरीब आहे, केस विंचरून बसतो. आणखी काय माहीत करून घ्यायचंय?"

ते मला सिस्टर म्हणायचे. चर्चमधली सवय. त्यांचं इंग्रजी मिशन शाळेतलं, स्वच्छ. माझं इंग्रजी डब्याच्या ऑर्डरींपुरतं. मीनू घरात असली तर ती मधे बोलायची, नाहीतर हातवारे. पहिल्या आठवड्यात त्यांना माझ्या देवघराच्या डब्यात पूजेच्या सुपाऱ्या दिसल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्यांच्याकडे सगळे विडा खातात. इथे विडा कुठून मिळणार? मी अडकित्ता काढला. मग रोज दुपारी, डबे गेले की, मी ओट्याशी टेकून सुपारी कातरायचे आणि ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून लसूण सोलायचे. सुपारीचा एक तुकडा गालात ठेवायचे आणि अर्धा अर्धा तास चघळत बसायचे. लसूण मात्र झकास सोलायचे, एक पाकळी चिरडली नाही कधी.

मीनूनं एकदा सरळ विचारलं, "अंकल, व्हॉट डू यू डू, लाइक, फॉर वर्क?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मीटिंगा." मीनू मला म्हणाली, "ममा, ही इज नॉट अ टीचर, ओके?" मी तिला गप्प केलं. पण मलाही ते लागून राहिलं. संध्याकाळी ते पाटणकरांच्या गॅलरीत छोटा रेडिओ कानाशी धरून उभे राहायचे, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि खरखरीतून आपल्या भाषेतल्या बातम्या शोधायचे. हे म्हणाले, "मास्तर नाही हा. मास्तर एवढं कान देऊन काही ऐकत नाही."

मग एक दिवस पॉ डबा न्यायला आली ती ओट्यापाशीच उभी राहिली आणि रडायला लागली. मी गॅस बंद केला. तिनं सगळं सांगितलं, थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत. तिचे वडील खरंच मास्तर होते, जंगलातल्या शाळेत. फळा म्हणजे बांबूच्या तट्ट्याला फासलेला काळा रंग. मग त्यांच्या लोकांच्या चळवळीत शिरले, जिल्ह्याचे प्रमुख झाले, मग थेट वरच्या कमिटीत. कारेन लोकांना आपलं राज्य हवं म्हणून ब्रह्मदेशाच्या लष्कराशी कितीतरी वर्षं लढाई चाललेली, आणि हे म्हातारेबुवा, माझ्या दारात लसूण सोलणारे, त्या लढाईतले एक मोठे पुढारी. मी म्हटलं, "अग बाई! आणि मी त्यांना काल कोथिंबीर निवडायला लावली!"

रडण्याचं कारण वेगळं होतं. सरहद्दीवरून फोन आला होता. पक्षाची माणसं त्यांना परत बोलावत होती. पॉचं म्हणणं एकच, "आंटी, वापस गया तो मर जाएगा. आप रोको. आपका सुनता है." व्हिसा संपायला थोडेच दिवस होते. आमचे हे व्हिसा बदलून द्यायला तयार होते. खाली क्लिनिक, औषधं, वर मुलगी, समोर मी. माणसाला म्हातारपणी आणखी काय लागतं? राहायचं की जायचं, एवढाच प्रश्न होता. आणि तो सोडवायची जबाबदारी माझ्यावर टाकून ती पोरगी डबा न घेताच खाली गेली.

पुढच्या दुपारी मी सुपारी कातरता कातरता विषय काढला. त्यांनी टाळलं नाही. लसूण बाजूला ठेवला आणि सांगायला लागले. नदीकाठी त्यांचं मुख्य ठाणं होतं. डोंगर, नदी, बांबूची घरं, शाळा, चर्च. वरचे पुढारी बरेचसे ख्रिश्चन, त्यातले एक थारा. खाली लढणारी साधी पोरं बरीचशी बौद्ध. त्या पोरांना टेकडीवर एक पॅगोडा बांधायचा होता. थाराची बायको बौद्ध होती, तेव्हा ती वारून गेली होती. तिच्या नावानं त्यांचा मुलगा, पॉचा थोरला भाऊ, पॅगोड्यासाठी स्वतः विटा वाहत होता. विषय कमिटीपुढे आला. अध्यक्ष थारा. कोणी म्हणालं, पांढरा पॅगोडा शत्रूला लांबून दिसेल. कोणी म्हणालं, आधी बंदुका बघा. थारा म्हणाले, पुढच्या मीटिंगला घेऊ. पुढच्या मीटिंगला पुन्हा म्हणाले, पुढच्या मीटिंगला घेऊ. असं बरेचदा झालं. मग एक दिवस ती पोरं उठून निघून गेली, मुलगाही त्यांच्यात, आणि लष्कराला डोंगराच्या मागची वाट दाखवली. ठाणं जळालं. आपल्याच माणसांनी आपलं घर जाळलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "मला त्यांचा राग येत नाही. म्हणजे येतो. सकाळी येतो, संध्याकाळी येत नाही."

आता पक्षाचं म्हणणं होतं की गेलेल्यांशी बोलायला थारानंच जावं, कारण त्यांचा मुलगा तिकडे आहे. गेले तर तिकडचे मारतील, हा एक धोका. इकडचे फितूर म्हणतील, हा दुसरा. नाही गेले तर? ते खुर्चीवर बसून नुसते हात चोळत राहिले. मग म्हणाले, "आयुष्यभर मी मीटिंगा चालवल्या. पण एकट्यानं एक ठराव पास करता येत नाही मला." आणि हसले. मलाही हसू आलं. एवढा मोठा पुढारी, आणि त्याला आपलं काय करावं ते कळत नाही! पण मला तरी कुठे कळत होतं? राग आला की वाटायचं, जा की, बाप आहेस ना, पोराला भेट. दया आली की वाटायचं, कुठे मरायला जाता, बसा इथे गारव्यात.

तेवढ्यात नारळी पौर्णिमा आली.

आता माझी युक्ती ऐका. मी शारजात आल्यापासून राखी कोणा ना कोणाला बांधतेच. सख्खा भाऊ गुहागरला, मग इथे जो कोणी वडीलधारा असेल तो भाऊ. त्या वर्षी सगळे गावी गेलेले. मी ठरवलं, थाराला राखी बांधायची. राखी बांधली की भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, आणि मी ओवाळणी काय मागणार? "जाऊ नका." बस्स. राखीच्या ताटापुढे नाही म्हणणारा भाऊ मी अजून बघितलेला नाही. हे म्हणाले, "अगं, तो ख्रिश्चन आहे, त्याला तुझी राखी काय कळणार?" मी म्हटलं, "न कळायला काय झालं? दोरा आहे, बांधायचा."

पण ते ख्रिश्चन आहेत हे माझ्या मनात राहिलंच. बाजारातल्या राख्यांवर ॐ असतो, गणपती असतो, झगमगाट असतो. म्हटलं, म्हाताऱ्याच्या धर्माला उगाच काही वाटायला नको. म्हणून शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढला, तीन पदरी करून पिळला. हळद लावली नाही. कुंकू लावलं नाही. कपाळालाही काही लावायचं नाही असं ठरवलं. दिवा तेवढा ठेवला, दिव्याला काय धर्म असतो? ताटात तांब्या पाण्याचा, दोन केळी, जास्वंद मिळाली नाही म्हणून खालच्या कुंडीतली बोगनवेलीची फुलं, आणि वाटीत गूळ घातलेला, लवंग-वेलचीचा नारळीभात. भात जरा चिकट झाला होता, घाईत पाणी जास्त पडलं. पातेल्यातून काढताना पळीला चिकटून बसला, तर मी पळी पातेल्याच्या काठावर ठक ठक ठक आपटली आणि हाक मारली, "थारा! आइए, आइए!"

ते पाटणकरांच्या दारातून आले आणि आमच्या दारातच थांबले. ताटाकडे बघितलं. पळीकडे बघितलं. पाणी, भात, केळी, फुलं, दोरा, एकेकाकडे बोट करत गेले आणि दाराची चौकट घट्ट धरली. मला वाटलं, चक्कर आली. मी म्हटलं, "बसा, बसा." बसले. हात पुढे केला, तोही असा, तळवा वर, लहान पोरानं करावा तसा. मी दोरा बांधला. ते रडत होते. आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं. मीनू घाबरून म्हणाली, "ममा, स्टॉप, ही इज क्राइंग!"

मग सावकाश सांगितलं. त्यांच्याकडे ह्याच पौर्णिमेला हातात पांढरा दोरा बांधतात. हो, ह्याच! माणसाचा जीव, त्याचे म्हणे कितीतरी तुकडे असतात, ते वर्षभरात कुठे कुठे भरकटतात. कोणी भीतीनं रानात राहतो, कोणी नदीत, कोणी लढाईच्या जागी. मग घरातलं मोठं माणूस दारात लाकडी पळी ठोकून त्यांना हाका मारतं. ये, परत ये, घरी ये. समोर पाणी ठेवतात, चिकट भात, केळी, ऊस, फुलं. आणि जीव आला की जाऊ नये म्हणून मनगटाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. चर्चची माणसं हे करत नाहीत, त्यांनीही करणं सोडलं होतं. पण बायको करायची. ती गेल्यावर त्यांना कोणी हाक मारली नव्हती. "माझ्याहून मोठं कोणी उरलंच नाही बांधायला," ते म्हणाले. "आणि तू, सिस्टर, तुला कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं! कोणीच नाही. मला खरं बोलायला हवं होतं की हा आमचा नारळीभात आहे आणि चिकट झालाय तो चुकून. पण त्या चेहऱ्यापुढे मी ते सांगितलं नाही. तरी पॉनं टाकलेली जबाबदारी होतीच. मी हात जोडले आणि म्हटलं, "थारा, हे राखीबंधन. भाऊ बहिणीला ओवाळणी देतो. मला ओवाळणी द्या. जाऊ नका. इथेच राहा."

त्यांनी मनगट वर करून दोरा दाखवला आणि म्हणाले, "आत्ताच तर घरी बोलावलंस. आता थांब म्हणतेस?"

मी भाताची वाटी पुढे केली. त्यांनी सगळा खाल्ला, तळाचा करपलेलासुद्धा.

संध्याकाळी पॉ ड्यूटीवरून वर आली. बापाच्या मनगटाकडे बघितलं आणि जागच्या जागी थबकली. तिला काही सांगावं लागलं नाही. माझ्याकडे वळली, "आंटी, ये क्या किया आपने?" मी म्हटलं, "अगं, राखी बांधली, थांबावेत म्हणून बांधली." ती म्हणाली, "आपने तो उनको घर भेज दिया." मी तिला समजावत राहिले, ती ऐकत होती की नव्हती कोण जाणे. बापलेक गॅलरीत उभे राहून त्यांच्या भाषेत बोलत होते. बापाचा आवाज इतका शांत की मला भीती वाटली. त्या आठवड्यात ते गेले. पॉनं माझा डबा बंद केला. जिन्यात दिसली तर मान खाली घालून जायची.

जाताना थारा छत्री माझ्याकडे ठेवून गेले. "तुमच्याकडे पाऊस नाही, मला माहीत आहे," म्हणाले, "पण असू दे." ती अजून दाराआड आहे. गेल्या कित्येक वर्षांत दोनदा उघडली असेल. मी झोळीत सुपारीची पुडी घातली. अडकित्ताही द्यावा असं वाटलं होतं, पण मग माझ्या पूजेला काय, म्हणून दिला नाही.

आणि मी? माझं काय चाललं होतं म्हणाल, तर सकाळ-संध्याकाळ वेगळं. कुकर लावताना वाटायचं, मी त्या माणसाला मरणाच्या दारात ढकललं, आणि तेही कशानं? भात चिकट झाला म्हणून! चहा घेताना वाटायचं, छे, तो जाणारच होता, दोरा निमित्त. मग वाटायचं, निमित्त तरी मी का व्हावं? हे म्हणाले, "एवढं काय, तो पुढारी माणूस, तुझ्या दोऱ्यानं थोडाच हलतो!" पण मी त्यांचा तळवा वर केलेला हात बघितलाय. ते हलले होते.

पॉ बोलायला लागली ती दुसऱ्या वर्षीच्या पावसात, म्हणजे त्यांच्याकडच्या पावसात. इथे कुठला पाऊस! एक दिवस दारात उभी. डबा हवा म्हणाली. मी काही न विचारता भरला. मग बसली आणि सांगितलं. थारा गेले, दुसऱ्या बाजूच्या माणसांना भेटले. एका शाळेत, लाकडी बाकांवर, समोरासमोर. समोर मुलगा. मी अधीर होऊन विचारलं, "मग काय ठरलं?"

पॉ म्हणाली, "कुछ नहीं आंटी. बोला, अगली मीटिंग में देखेंगे." आणि ती हसायला लागली, मीही हसायला लागले, आणि मग दोघी रडायला लागलो. मुलगा त्या दिवशी बापाबरोबर जेवायला बसला. ठरलं काही नाही, पण जेवला. नंतर अधूनमधून यायचा, सरहद्दीपलीकडच्या छावणीत, बांबूच्या घरात, बापाजवळ बसायचा. त्या पावसात थाराला ताप आला आणि ते गेले. क्लिनिक लांब होतं. मुलानं पाठीवर घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत आणलं, तिथेच प्राण गेला. मनगटावर दोरा होता, म्हणे. मातकट झालेला, पण होता.

आता बघा. इथे राहिले असते तर जगले असते. खाली क्लिनिक होतं, मुलगी नर्स होती, ताप म्हणजे दोन गोळ्यांचं काम. पण मुलगा भेटला नसता. कुठल्या तरी परक्या भिंतींमध्ये रेडिओ कानाला लावून आणखी पाच-दहा वर्षं काढली असती. ते बरं की हे बरं? पॉ कधी म्हणते, "आंटी, आपने अच्छा किया." कधी, विशेषतः बाप आठवून डोळे भरले की, काहीच म्हणत नाही, आणि ते काहीच न म्हणणं मला ऐकू येतं. मी तिला सरळ विचारलं नाही. विचारलं आणि तिनं काही सांगितलं तर? न विचारलेलं बरं.

यंदाच्या पौर्णिमेला पॉ आली. ती आता चाळिशीची. नॉर्वेला नर्सचं काम मिळालंय, महिनाअखेरीला निघतेय. हातात पिशवी. पिशवीतून केळी काढली, उसाचा तुकडा काढला, कुठून मिळवला देव जाणे, आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. म्हणाली, "आंटी, मैं जा रही हूँ. आपको कौन बाँधेगा?" मी म्हटलं, "मला कशाला ग?" ती म्हणाली, "आप भी तो बहुत जगह रह गई हैं."

नारळीभात केला होता, तो तिनंच ताटात घेतला. यंदा मोकळा झाला होता. ती म्हणाली, "चिपचिपा चाहिए था," आणि हाताने दाबून त्याचा गोळा केला. मग ओट्यावरची पळी घेतली आणि दाराशी गेली. उंबरा असा नाहीच आमच्याकडे, मार्बलची पट्टी आहे. तिथे बसली, मला समोर बसवलं, पळी उचलली आणि विचारलं, "आंटी, कहाँ बुलाऊँ?"

"म्हणजे?"

"आपका घर. किधर बोलूँ? गुहागर? या इधर?"

बघा, साधा प्रश्न. गुहागरचं घर भावानं भाड्यानं दिलंय. मीनू कॅनडात, तिला विचारलं तर म्हणते, "होम इज व्हेअरेव्हर, ममा." हे दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी परत जाऊ, इन्शाल्ला. आणि पुढचं वर्ष आलं की पुन्हा पुढचं वर्ष. मला खालच्या रस्त्यावरची झाडं आठवली. खजुराच्या घडांवर पिशव्या, पिशव्यांवर गाठी. मी हात पुढे केला होता, तळवा वर. दुसऱ्याच्या जीवाला मी एका चिकट भातावर घरी धाडलं होतं, न विचारता, आणि आता माझ्या जीवाला कुठे हाक मारायची ते मला सांगता येईना.

"तू आधी बांध," मी म्हटलं. "कुठे ते पुढच्या मीटिंगला घेऊ."

पॉ हसली नाही. तिनं पळी खाली आणली आणि माझ्या दारात ठक ठक ठक वाजवत, तिच्या भाषेत, कोणाला तरी बोलवायला लागली.